मातीतून कीटकमारक बुरशी काढायची: अळीचं आमिष की निवडक माध्यम?

प्रकल्पाचा विषय ठरतो, गाईड होकार देतात, मातीच्या पिशव्या फ्रीजमध्ये येऊन पडतात, आणि मग पहिला खरा प्रश्न उभा राहतो. या मातीतली ब्युव्हेरिया, मेटारायझियम किंवा त्यांच्या जवळची, कीटकांना मारणारी एखादी बुरशी बाहेर काढायची कशी? वाटा मुख्यतः दोन. मातीचं द्रावण निवडक माध्यमाच्या, म्हणजे नको त्या जंतूंना रोखणाऱ्या खाद्याच्या, प्लेटवर पसरायचं, नाहीतर मातीत मेणपतंगाच्या, म्हणजे गॅलेरियाच्या, जिवंत अळ्या सोडायच्या आणि कोणती मरते ते रोज पाहायचं. मी आधी प्लेटच्या वाटेने गेलो आणि नंतर आमिषाकडे वळलो. हाताशी सहा-आठ महिने असलेल्या विद्यार्थ्यासाठी लिहितो आहे. दोन वर्षं आणि मदतीला माणसं असतील तर दोन्ही करावं, प्रश्नच नाही.

प्लेटची खरी ताकद आकड्यात आहे. एक ग्रॅम मातीत किती कॉलन्या, हे ती सांगते. नांगरलेल्या आणि न नांगरलेल्या जमिनीत फरक किती, मातीत सोडलेल्या बुरशीपैकी तीन महिन्यांनी किती उरली, अशा प्रश्नांना तिच्याकडे उत्तर असतं. आमिषाकडे ते नसतं. तिथे दहा अळ्यांपैकी सहा बुरशीने मेल्या एवढंच कळतं. त्या थोड्या बीजाणूंनी मेल्या की लाखोंनी, ते कळायला मार्ग नाही. शिवाय प्लेटचं काम एका दिवसात उरकतं. चाळीस नमुने सकाळी सुरू केले तर संध्याकाळी सगळ्या प्लेट इनक्युबेटरमध्ये असतात, आणि सुट्टीत घरी गेलात तरी मागे उपाशी राहणारा जीव नसतो. मी प्लेट निवडली ती याच कारणांनी, आणि ती कारणं आजही मला चुकीची वाटत नाहीत.

माध्यमात काय घालायचं यावर मात्र वेळ जातो. जिवाणू रोखायला क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक, इथवर सोपं आहे. इतर बुरशींना रोखायला डोडीन, सीटॅब किंवा सायक्लोहेक्सिमाइड यांपैकी एखादं रसायन लागतं. डोडीन हे मुळात फळझाडांवरच्या रोगांसाठीचं बुरशीनाशक आहे. ते आपल्याला हव्या असलेल्या बुरशींना तुलनेने कमी त्रास देतं म्हणून इथे वापरतात. यातला ‘तुलनेने’ हा शब्द विसरू नका. मात्रा थोडी वाढली की हवी ती बुरशीही खुरटते. टोळांवर पडणारी मेटारायझियम ॲक्रिडम ही जात तर डोडीनपुढे विशेष नाजूक आहे. ती मातीत असली तरी अशा प्लेटवर न दिसण्याची शक्यता बरीच, आणि तुम्ही मात्र वहीत ‘नाही’ असं लिहून मोकळे व्हाल. सायक्लोहेक्सिमाइड माणसालाही विषारी आहे. त्याचं वजन करताना हातमोजे आणि मास्क हवेतच, आणि पहिल्यांदा करत असाल तर एकट्याने करू नका.

हे सगळं सांभाळता येतं. मी वैतागलो ते दुसऱ्याच गोष्टीने.

पाचव्या-सहाव्या दिवशी प्लेटवर पांढरे ठिपके दिसू लागतात. मेटारायझियम सुरुवातीला पांढरीच असते, हिरवी होते ती बीजाणू धरल्यावर. ब्युव्हेरिया पांढरीच राहते, फार तर पिवळसर होते. पण मातीतल्या इतर कितीतरी बुरशी याच वयात अशाच पांढऱ्या असतात, आणि हिरवा रंग तर पेनिसिलियमलाही येतो. ओळख पटेपर्यंत थांबावं, तर तेवढ्यात एखादी म्यूकर कडेने उठून निम्म्या प्लेटवर धागे पसरते. म्हणून लवकर, अंदाजाने, सुईच्या टोकावर थोडं उचलायचं आणि पीडीए, म्हणजे बटाटा-डेक्स्ट्रोज-अगार या साध्या माध्यमाच्या, प्लेटवर टाकायचं. आणि घोटाळा नेमका इथे होतो. डोडीन ट्रायकोडर्मा या मातीतल्या दुसऱ्या बुरशीला मारतंच असं नाही, दाबून ठेवतं. तुम्ही उचललेल्या कणात तिचा एखादा दबलेला तंतू सोबत येतो, डोडीन नसलेल्या ताज्या माध्यमावर त्याला मोकळं रान मिळतं, आणि तीन दिवसांत अख्खी प्लेट त्याची. आपली बुरशी खाली कुठेतरी असते. मग पुन्हा मूळ प्लेट, पुन्हा सुई, पुन्हा पीडीए. काही कॉलन्यांसाठी मी हा फेरा चार-चार वेळा केला. ऑटोक्लेव्ह नीट चालत होता, हूड स्वच्छ होता, हातही बसलेला होता. तरीही सोमवारी इनक्युबेटरचं दार उघडताना पोटात गोळा यायचा.

एवढं करून शुद्ध झालेले आयसोलेट, म्हणजे वेगळ्या काढलेल्या बुरशी, मी अळ्यांवर तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिकांनी एकही अळी मारली नाही. त्या मातीतल्या साध्या, कुजक्यावर जगणाऱ्या बुरशी होत्या. मी दीड महिना त्यांचं संगोपन केलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली माझी नजर तेव्हा कच्ची होती, हे मान्य. मुरलेला माणूस ब्युव्हेरियाचे नागमोडी बीजाणूधर आणि मेटारायझियमच्या बीजाणूंच्या एकमेकींना चिकटलेल्या साखळ्या पाहून बराच कचरा आधीच बाजूला काढेल. पण पहिल्या प्रकल्पातला विद्यार्थी मुरलेला नसतो. आणि ही तपासणी करायला मला शेवटी अळ्या पाळाव्याच लागल्या. प्लेटमुळे अळ्या पाळण्याचं काम टळलं नव्हतं, चार महिने पुढे गेलं होतं इतकंच.

आमिषाची पद्धत जर्मनीतले संशोधक झिमरमान यांनी १९८६ मध्ये मांडली आणि तिच्यात फारसं काही बदललेलं नाही. ओलसर माती, डब्यात आठ-दहा अळ्या, २२ ते २५ अंश तापमान, दोन आठवडे. मला ती का आवडते, तर निवडीचं काम इथे अळीचं कवच करतं. मातीतल्या शेकडो बुरशींपैकी फार थोड्या अशा आहेत, ज्यांचा बीजाणू निरोगी कीटकाच्या अंगाला चिकटतो, तिथेच रुजतो, प्रथिनं आणि कायटिन फोडणारी विकरं सोडत दाबाने कवच भेदतो आणि आतल्या रक्तद्रवात वाढतो. म्यूकरला हे सहसा जमत नाही. जी आत शिरते ती मेलेल्या अळीत आपली जागा राखूनही ठेवते. ब्युव्हेरिया ऊस्पोरिन नावाचं लाल रंगद्रव्य तयार करते, ते शवात वाढू पाहणाऱ्या जिवाणूंना आवर घालतं. म्हणून ब्युव्हेरियाने मेलेली अळी पुष्कळदा गुलाबी-लालसर आणि कडक होते, सडत नाही. अशी अळी सौम्य हायपोक्लोराइटमध्ये बुडवून, स्वच्छ पाण्याने धुऊन ओल्या कागदावर ठेवली की काही दिवसांत तिच्या सांध्यांतून पांढरी बुरशी फुटते. तिथून सुईने उचललेला कण माझ्या अनुभवात बहुतेक वेळा पहिल्याच फेरीत शुद्ध निघाला. चार फेऱ्यांच्या जागी एक. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

ॲगोस्टिनो बास्सी यांनी १८३५ मध्ये रेशीमकिड्यांच्या पांढऱ्या रोगाचं कारण एक सजीव बुरशी आहे हे दाखवलं. पाश्चर आणि कॉख यांच्या कामाच्या कितीतरी आधी. त्यांच्याही हातात मेलेला किडा आणि त्यावरची पांढरी भुकटीच होती. पहिली कडक झालेली अळी चिमट्यात धरली तेव्हा मला ते आठवलं होतं. विद्यार्थ्याला एवढा आनंद मिळावा असं मला मनापासून वाटतं. प्लेटवरच्या ठिपक्याने तो मला कधी दिला नाही.

आमिषाचे त्रासही सांगायला हवेत. सगळ्यात मोठा म्हणजे मेणपतंग पाळणं. कोंडा, मध, ग्लिसरीन यांचं खाद्य, २८-३० अंशांची ऊब, अंधार, आणि अंड्यापासून मोठ्या अळीपर्यंत पाच-सहा आठवडे. माती येते तेव्हा अळ्या लहान असतात, अळ्या तयार होतात तेव्हा माती शिळी झालेली असते. दोन्हींचा मेळ बसवायला मला तीन पिढ्या लागल्या. अळ्या प्लास्टिक कुरतडतात, म्हणून काचेची बरणी आणि झाकणाला धातूची बारीक जाळी घ्या. पातळ प्लास्टिकचा डबा एकदा वापरलात तर सकाळी अळ्या कपाटभर शोधत बसाल.

दुसरा त्रास रेशमाचा. डब्यात सोडल्या की अळ्या वर चढतात, झाकणापाशी रेशीम विणून त्यात घट्ट बसतात आणि मातीला शिवतही नाहीत. यावर एक जुना उपाय आहे: सोडण्याआधी अळ्या ५६ अंशांच्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवायच्या, लगेच गार पाण्यात घालायच्या आणि काही तास ओल्या कागदावर अंधारात ठेवायच्या. विणणं बरंच थांबतं. दोन अंश जास्त झाले तर अळ्या मरतात, तेव्हा थर्मामीटर चांगला घ्या. पहिले चार-पाच दिवस डबे रोज उलटे करायचे, म्हणजे वर चढलेली अळी पुन्हा मातीतून वाट काढते.

तिसरा त्रास सूत्रकृमींचा. स्टायनरनेमा किंवा हेटेरोऱ्हॅब्डायटिस हे कीटकांना मारणारे सूक्ष्म कृमी मातीत असतील तर ते दोन-तीन दिवसांत अळ्या संपवतात आणि बुरशीला वेळच मिळत नाही. अशी अळी मऊ पडते, काळपट-तपकिरी किंवा विटकरी लाल दिसते. विटकरी लाल पाहून ब्युव्हेरिया समजू नका. बोटाला कडक लागते की पिचते, ते पाहा. माती आधी थोडी सुकू दिली आणि मग पुन्हा ओलावली तर हा उपद्रव कमी होतो. आणि पिवळसर हिरवी, भुरभुरीत भुकटी दिसली तर झाकण उघडूच नका. ती ॲस्परजिलस फ्लेव्हस असू शकते, आणि तिचे बीजाणू कोणाच्याही छातीत जायला नकोत.

एक आक्षेप रास्त आहे. गॅलेरियाची अळी फार हळवी, जवळजवळ सगळ्याला बळी पडते. तिने पकडलेली बुरशी तुमच्या पिकावरच्या किडीला मारेलच, असं काही नाही. शिवाय ती सगळ्या बुरशींना सारखी पकडते असंही नाही. माझ्या डब्यांत तिने ब्युव्हेरिया जास्त दिली आणि मेटारायझियम कमी. मीलवर्म, म्हणजे टेनेब्रिओच्या अळ्या, शेजारच्या डब्यात ठेवल्या तेव्हा मेटारायझियमचं प्रमाण वाढलं. जमलं तर दोन्ही ठेवा. मीलवर्म पाळायला सोपेही आहेत.

मग प्लेट कोणी निवडावी? ज्याचा प्रश्न ‘किती’ असा आहे त्याने. सोडलेली बुरशी मातीत किती टिकते, मुळांभोवती मेटारायझियम किती दाट असते, हे मोजायचं असेल तर आमिष तुम्हाला अर्ध्यात सोडेल. अशा वेळी डोडीन आणि सीटॅब दोन्हीची माध्यमं करून आधी ओळखीच्या शुद्ध बुरशीवर तपासा, मात्रा ठरवा, आणि मगच मातीला हात लावा. पण प्रश्न ‘इथे कोणती आहे आणि ती मारते का’ असा असेल, आणि विद्यार्थ्यांच्या बहुतेक प्रकल्पांचा तो तसाच असतो, तर मी अळ्यांच्या बाजूने झुकेन.

नाव लावण्याचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच उरतो. मेटारायझियम ॲनिसोप्ली म्हणून ओळखली जाणारी बुरशी २००९ च्या फेरमांडणीत अनेक जातींत विभागली गेली. नुसत्या बीजाणूंच्या आकारावरून किंवा आयटीएस या डीएनएच्या तुकड्याच्या क्रमावरून त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत, त्यासाठी टीईएफ जनुकाचा क्रम काढावा लागतो. ते परवडणार नसेल तर प्रबंधात ‘ॲनिसोप्ली समूह’ असं स्वच्छ लिहा. परीक्षक त्याला हरकत घेत नाहीत, ठाम लिहिलेल्या चुकीच्या नावाला घेतात.

आमिष ठरवलंत तर कामाचा क्रम उलटा लावा. आधी पतंगांची जोडी बरणीत, अंडी दिसली की तारीख वहीत, आणि मातीचे नमुने त्या तारखेनंतर साधारण पाचव्या आठवड्यात आणायला निघा. निर्जंतुक केलेल्या मातीचे दोन डबे आणि त्यात तेवढ्याच अळ्या, हे पहिल्याच फेरीपासून ठेवा. मी ते दुसऱ्या फेरीपासून ठेवले, आणि पहिल्या फेरीतल्या अळ्या बुरशीने मेल्या की माझ्या गरम पाण्याने, हे मला प्रबंधात लिहिता आलं नाही.