तान्ह्या बाळासह पाळोळे: गाडीपासून गादीपर्यंत

डिसेंबरात निफाडकडे पारा दहाच्या खाली उतरला, पुण्यात बाळाची कुंची दिवसभर निघेना, की घरात उबेला कुठे तरी जाऊन येण्याचं बोलणं निघतं आणि नकाशावरचं बोट गोव्यावर येऊन थांबतं. दक्षिण टोकाच्या काणकोण तालुक्यातल्या पाळोळेचं हे परीक्षण फक्त एका गिऱ्हाइकासाठी आहे: वर्षाच्या आतलं बाळ आणि त्याच्या मागे फरफटणारी मोठी माणसं.

निकाल आधीच सांगतो. बसायला-रांगायला लागलेल्या, साधारण सहा ते दहा महिन्यांच्या बाळासाठी पाळोळे उत्तम. नुकतं चालायला लागलेल्या मुलासाठी बरं. दोन-अडीच महिन्यांच्या बाळासाठी मात्र नाहीच. पहिल्या लसी होईपर्यंत घर बरं. उत्तम म्हणण्याचं कारण समुद्र नाही. खोली, सावली, गरम भात आणि पाणी ही चारही इथे पाच मिनिटांच्या पायी अंतरात मिळतात. बाळाने सूर लावल्यावर पाच मिनिटं आणि पंचवीस मिनिटं यांत किती फरक असतो, ते वेगळं सांगायला नको.

जायचं ते नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. दिवसा बत्तीसच्या आसपास, पहाटे वीस-एकवीस. मार्चपासून दमटपणा चढतो आणि मानेच्या वळ्यांत घामोळं उठतं. त्यावर पावडर थापू नये. घामाशी मिळून तिचा लगदा होतो आणि श्वासातून ती छातीत जाते ते वेगळंच. नाताळ ते २ जानेवारी टाळावं, कारण गर्दीत ते पाच मिनिटांचं गणितच मोडतं.

विमानाने जाणारे हमखास एका ठिकाणी फसतात. गोव्याला आता दोन विमानतळ आहेत. दाबोळीहून पाळोळे साठेक किलोमीटर. जानेवारी २०२३पासून सुरू झालेलं मोपा मात्र पेडण्यात, राज्याच्या अगदी उत्तर टोकाला. तिथून पाळोळे म्हणजे अख्खा गोवा उभा कापायचा, अडीच तास सहज. तिकीट स्वस्त दिसतं म्हणून मोपा घेतलं की वाचलेले पैसे टॅक्सीत जातात आणि बाळ दोन तास गाडीत रडतं. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसतं, पण वयाचा दाखला लागतो. जन्मदाखल्याची प्रत हाताशी ठेवा. कान दुखतात ते विमान उतरताना, चढताना कमी. म्हणून दूध राखून ठेवायचं ते उतरण्याच्या वेळेसाठी. वैमानिकाची घोषणा झाली की पाजायला घ्या. चाकं टेकायच्या बेतात घेतलं तर उशीर झालेला असतो.

रेल्वेचं मत जरा सविस्तर. जून २०२३मध्ये सुरू झालेली मुंबई-मडगाव वंदे भारत पहाटे ५.२५ला सीएसएमटीहून सुटते आणि दुपारी एकच्या सुमारास मडगावला पोहोचते. शुक्रवारी नसते, आणि पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळं असतं. गाडी स्वच्छ, वेळेची बरी, धक्के कमी. पण आहे ती खुर्च्यांची गाडी. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, तशी जागाही नाही. म्हणजे पावणेआठ तास बाळ मांडीवर. दोघेच असाल तर दोन खुर्च्यांची बाजू बरी, तिसरा प्रवासी उठवत नाही. टेबलाभोवती समोरासमोर असलेल्या जागा फोटोत छान दिसतात, पण तिथे समोरच्याचे गुडघे येतात आणि बाळाला पाय पसरून झोपवता येत नाही. एसी चांगलाच गार असतो. सुती झबल्यावर एक थर, पायमोजे आणि दुपटं हाताशी हवंच, बॅगेच्या तळाशी नको.

आठ महिन्यांखालच्या बाळासाठी आमचं मत रात्रीच्या कोकणकन्येला. रात्री अकरानंतर सुटते, सकाळी उशिरा मडगाव. पण टू एसी आणि खालचा बर्थ, तरच. थ्री एसीत मधला बर्थ उघडला की खाली ताठ बसून पाजता येत नाही, मान वाकवून वाकवून आईची पाठ धरते. बाळ भिंतीच्या बाजूला आणि बाहेरच्या कडेला आई, याला पर्याय नाही. कडेला उशी लावून बाळाला बाहेरच्या बाजूला ठेवणं धोक्याचं. गाडी वळणावर कलली की उशी आधी जाते. २०२२मध्ये लखनौ मेलच्या एका डब्यात खालच्या बर्थला जोडलेला बाळाचा छोटा बर्थ रेल्वेने लावून पाहिला होता. कोकणातल्या माणसांनी त्याची वाट बघत बसू नये.

गरम पाण्याची सोय घरून न्यायची. डब्यात विजेची किटली लावायला बंदी आहे आणि पँट्रीतलं पाणी गरम असलं तरी उकळलेलं असेलच असं नाही. अर्ध्या लिटरचा स्टीलचा थर्मास आधी उकळत्या पाण्याने पाच मिनिटं तापवून घ्यायचा, ते पाणी टाकून मग नवं उकळतं भरायचं. असं केलं तर पाणी चांगलं सहा तास टिकतं. पावडरचं दूध देत असाल तर पाणी सत्तर अंशांच्या वर हवं, कारण पावडर निर्जंतुक नसते आणि कोमट पाण्याने तिच्यातले जंतू मरत नाहीत. कालवल्यावर बाटली गार करून पाजायची. तासाभरात संपलं नाही तर ओतून द्यायचं. पावडर एकेका वेळची मोजून कोरड्या डब्यांत भरून नेली की हलत्या गाडीत चमचे मोजायला नकोत. आणि रत्नागिरीच्या अलीकडच्या बोगद्यांसाठी तयारी ठेवा. करबुड्याचा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. अंधार आणि घुमणारा आवाज एकदम येतो, मोबाइलची रेंज जाते. तेव्हा व्हिडिओवर विसंबून बसलेल्यांची फजिती होते. खुळखुळा न्या.

मडगावहून पाळोळे चाळीसेक किलोमीटर, घाटाची वळणं धरून सव्वा तास. स्टेशनवर प्रीपेड टॅक्सी मिळते, पण बाळाची सीट कोणाकडे नसते. स्वतः चालवायला गाडी घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो. सीट घरून नेली असेल तर ती मागच्या बाकावर, बाळाचं तोंड मागे. पुढच्या एअरबॅगसमोर कधीच नाही. काणकोण स्टेशन पाळोळेपासून जेमतेम तीन किलोमीटरवर आहे, पण तिथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्या. आपल्या दिवशीची जुळली तर सोनं.

आता खोली, कारण सुट्टी बिघडते ती बहुतेक इथेच. किनाऱ्यालगतच्या झोपड्या हंगामी असतात: पावसानंतर उभारतात, पुढच्या पावसाआधी मोडतात. प्लायवूड, बांबू, झावळ्या. दिसायला देखण्या, बाळासाठी अर्ध्याअधिक निकामी. फोनवर विचारायचं ते हे: झोपडी खांबांवर उभी आहे की जमिनीवर? खांबांवरच्या झोपडीला बाहेर पायऱ्या आणि लाकडी कठडा असतो, आणि कठड्याच्या आडव्या पट्ट्यांमधून रांगतं बाळ आरामात निसटतं. मुठीएवढ्यापेक्षा जास्त फट असेल तर ओट्यावर बाळाला सोडायचंच नाही. फळ्यांच्या जमिनीत कुसळं असतात; घरून जाड सतरंजी न्या. मच्छरदाणी पलंगाच्या गादीखाली खोचता येते की नुसती वरून लोंबते, तेही विचारा. लोंबणारी दाणी बाळ ओढून तोंडावर घेतं. एसी आहे का, आणि किटली व एसी एकाच वेळी चालतात का? पंधराशे वॅटची किटली लावली की कित्येक ठिकाणी फ्यूज उडतो, तेव्हा छोटी, सहाशे वॅटची नेलेली बरी. छताच्या वाशाला साडीची झोळी बांधायचा मोह होतो, बांधू नका. ते वासे झावळ्या पेलण्यापुरते असतात.

किनाऱ्यापासून दोन गल्ल्या आत, पक्क्या भिंतींची, स्वयंपाकघराचा कोपरा असलेली खोली आम्ही झोपडीपेक्षा वर धरतो. लाटांचा आवाज जातो, हे खरं. पण प्लायवूडच्या भिंतीपलीकडच्या पाहुण्यांचाही जातो. रात्री दहानंतर उघड्यावर संगीताला बंदी आहे. त्यावर पाळोळेने कानाला हेडफोन लावून नाचायच्या पार्ट्यांचा तोडगा काढला. त्यांचा त्रास नाही. पार्टी संपल्यावर गल्लीतून बोलत जाणाऱ्यांचा आहे.

किनारा चंद्रकोरीसारखा, दीडेक किलोमीटर, दोन्ही टोकांना खडक. म्हणून लाट मोडून येते आणि उतार सौम्य. आगोंद शेजारीच आहे, अधिक शांतही आहे, पण तिथे पाणी पायाखालून जोरात ओढतं. बाळाला घेऊन उभं राहायला पाळोळेच सुरक्षित. उत्तर टोकाला ओहोळ समुद्राला मिळतो, तिथे गर्दी कमी. ओहोटीला समोरच्या बेटावर चालत जाता येतं, पण कडेवर बाळ असताना जाऊ नये. भरती येताना दिसत नाही, आलेली दिसते.

बाबागाडी न्यायची का? गल्लीपुरती ठीक. कोरड्या वाळूत पुढची चाकं रुततात आणि बेअरिंगमध्ये वाळू गेली की घरी परतल्यावरही करकर जात नाही. अंगावर बांधायचं कॅरियर कामाचं, फक्त दोन अंगांच्या मध्ये घाम साठतो, म्हणून वीस मिनिटांनी बाळाला मोकळं करायचं. बाबागाडीवर ऊन लागू नये म्हणून दुपटं पांघरणारे बरेच दिसतात. आत भट्टी होते. छत्री लावा, हवा खेळू द्या.

वेळ सकाळी साडेनऊच्या आत आणि दुपारी साडेचारनंतर. मधला वेळ खोलीत, एसी पंचवीस-सव्वीसवर. सहा महिन्यांखाली सनस्क्रीन नको, सावली आणि पूर्ण बाह्यांचं पातळ सुती झबलं. त्यापुढे झिंक ऑक्साइडचं, उघड्या भागापुरतं. पाण्यात पहिल्या दिवशी पाच मिनिटं, नंतर फार तर दहा. पाणी कोमट वाटलं तरी ओलं बाळ वाऱ्यात लवकर गारठतं. नेहमीचं डायपर समुद्रात फुगून किलोभर होतं. पोहण्याचं डायपर फुगत नाही, पण ते लघवी धरत नाही, फक्त शी अडवतं. खोलीतून निघतानाच घातलं तर कडेवर घेणाऱ्याला त्याचा अनुभव येतो. वाळूत उघडं बसवू नका. किनाऱ्यावर कुत्री खूप, आणि त्यांच्या विष्ठेतले कृमी वाळूतून कातडीत शिरतात. चटई अंथरा. वळ्यांत अडकलेली वाळू पुसायची नाही, खरचटतं. आधी अंग कोरडं होऊ द्या, मग चिमूटभर कॉर्नफ्लोअर हाताला लावून, बाळाच्या तोंडापासून दूर, हलकेच झटका. वाळू सुटून पडते. चालणाऱ्या मुलांसाठी एक इशारा: होड्यांचे दोर वाळूत पुरलेले असतात, संध्याकाळी दिसत नाहीत.

जेवणात पाळोळेला पैकीच्या पैकी, आणि त्याचं श्रेय पेजेला. उकड्या तांदळाची पेज गोव्यात घरोघरी होते. स्वयंपाकघरात जाऊन ‘बाळासाठी, मीठ न घालता, जास्त शिजवून’ असं सांगितलं तर बहुतेक ठिकाणी हसत करून देतात. तयार नसेल तर तासभर आधी सांगा, उकडा तांदूळ शिजायला वेळ घेतो. वर्षाच्या आत मीठ, साखर नको आणि मध तर अजिबात नको. सहा महिन्यांखाली उन्हाळा असो की समुद्रकिनारा, वरचं पाणी आणि शहाळंही नको. दूध जास्त वेळा द्यायचं. चोवीस तासांत सहा लंगोट ओले झाले तर पाणी पुरतंय असं समजा. डायपर आणि औषधं दोनेक किलोमीटरवर काणकोणच्या चावडी नावाच्या बाजारात मिळतात, त्यामुळे पाच दिवसांचा पस्तीसचा गठ्ठा वाहून नेऊ नका. दोन दिवसांचे न्या, पण सवयीच्याच कंपनीचे घ्या. नवं डायपर आणि नवी हवा एकाच वेळी नको. पुरळ उठलं तर कारण कळत नाही.

उणी बाजू डॉक्टरची. काणकोणला सरकारी आरोग्य केंद्र आहे, पण मोठं रुग्णालय म्हणजे मडगावचं जिल्हा रुग्णालय, अजूनही लोकांच्या तोंडी हॉस्पिसियो. म्हणजे तासाभराचा रस्ता. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप ३८ अंशांवर गेला, किंवा कुठलंही बाळ सुस्त पडून पीत नसेल, तर सकाळची वाट न बघता निघायचं. १०८ला फोन करायचा. ज्यांच्या बाळाला आधीपासून श्वासाचा किंवा झटक्यांचा त्रास आहे त्यांनी मडगावजवळचं बाणावली किंवा कोलवा पाहावं. किनारा इतका देखणा नाही, रुग्णालय जवळ.

परतीची वंदे भारत मडगावहून दुपारी २.४०ला. पाळोळेहून साडेबाराच्या आत निघायचं आणि खोली सहसा दहा-अकरालाच सोडावी लागते, तेव्हा अर्ध्या दिवसाचे जादा पैसे बुकिंग करतानाच ठरवून टाका; आयत्या वेळी खोली पुढच्या पाहुण्याला दिलेली असते. गाडी मुंबईत रात्री दहाच्या पुढे शिरते. झोपलेलं बाळ खांद्यावर घेऊन सीएसएमटीपर्यंत जाण्यापेक्षा पुणेकरांनी पनवेलला आणि नाशिककरांनी ठाण्याला उतरावं.