‘बधे चालशे’ सांगून विकलेला टीव्ही

बडोद्याहून अमेरिकेला, कॅनडाला किंवा आखातात राहायला जाणाऱ्या घरांत शेवटच्या आठवड्यात एक खरेदी हमखास होते: नवा टीव्ही आणि डिस्कवाला प्लेअर. सोबत आजी-आजोबा असतात, मराठी नाटकांच्या डीव्हीडी असतात, मुंजीची आणि लग्नाची डिस्क असते. हे सगळं तिकडे लागावं, एवढंच मागणं. त्याच मागणीवर काही दुकानं पैसे काढतात.

दांडिया बाजारातलं एक कुटुंब न्यू जर्सीला मुलाकडे निघालं होतं. 32 इंची टीव्ही, डीव्हीडी प्लेअर आणि ट्रान्सफॉर्मर असं सगळं एकाच दुकानातून घेतलं. दुकानदाराने ‘मल्टी छे, बधे चालशे’, म्हणजे मल्टी आहे, सगळीकडे चालेल, असं सांगून एक हिंदी सिनेमाची डिस्क लावून दाखवली. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. तिकडे गेल्यावर टीव्हीवर एकही चॅनेल लागेना. वाचनालयातून आणलेली डिस्क घातली की पडद्यावर चुकीच्या रीजनचा, म्हणजे डिस्क दुसऱ्याच देशांच्या विभागासाठी असल्याचा संदेश. ट्रान्सफॉर्मर अर्ध्या तासात हात लावू देईना आणि वार्निश जळल्याचा वास यायला लागला. बिल काढून पाहिलं तर त्यावर ‘टीव्ही सेट 1, डीव्हीडी 1’ एवढंच. ट्रान्सफॉर्मरची तर नोंदच नव्हती.

‘मल्टी’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात: वीज, चित्राची पद्धत आणि डिस्कचा रीजन. यातली एक जमली म्हणून बाकीच्या जमत नाहीत. दुकानदार एक दाखवतो आणि पैसे तिन्हींचे घेतो.

आधी वीज. आपल्याकडे 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. अमेरिका-कॅनडात 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. टीव्हीच्या पाठीवरचं स्टिकर मोबाइलचा टॉर्च मारून वाचा. तिथे 100-240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ असं छापलेलं असेल तर ट्रान्सफॉर्मरची गरजच नाही, फक्त तिकडच्या पिनची वायर लागते. प्लेअरला बहुधा इंग्रजी आठाच्या आकाराच्या तोंडाची वायर असते, ती किरकोळ किमतीत मिळते. हे ठाऊक असूनही काही जण ट्रान्सफॉर्मर गळ्यात मारतात.

उलटा सापळा याहून वाईट. भारतासाठी बनवलेल्या काही सेटवर ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ असं मोठ्या अक्षरात असतं आणि स्टिकरवर 160-260 सारखा आकडा असतो. दुकानदार म्हणतो, व्होल्टेजची रेंज मोठी आहे, कुठेही चालेल. पण 120 हा आकडा त्या रेंजमध्ये बसतच नाही. असा सेट तिकडे चालवायचा तर व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर हवा. बाजारात सहज मिळतो तो अमेरिकेतून आणलेल्या वस्तू इथे चालवण्यासाठीचा, म्हणजे व्होल्टेज कमी करणारा. तो तिकडे लावला तर 120 चे साठच होतील. ‘120 आत, 230 बाहेर’ असं त्यावर स्पष्ट छापलेलं असलं पाहिजे.

ट्रान्सफॉर्मर किती वॅटचा? 32 इंची एलईडी टीव्ही साधारण 50-60 वॅट खातो, प्लेअर 10-15. बेरीज 75 धरा आणि त्याच्या दुप्पट क्षमतेचा घ्या, 150-200 वॅट पुरे. स्टिकरवर 1000 वॅट आणि हातात घेतला तर वजन जेमतेम किलोभर, असं असेल तर तो तिथेच ठेवा. आत तांब्याऐवजी बारीक ॲल्युमिनियमची तार आणि छोटा गाभा असतो, म्हणून तो तापतो. चालू करून गुणगुण ऐकू आली तर हरकत नाही. खडखड किंवा वास आला तर नको. आणि हेअर ड्रायर किंवा इस्त्रीसाठी मिळणारा हलका, वाटाण्यासारख्या दिव्याचा ‘ट्रॅव्हल कन्व्हर्टर’ टीव्हीला कधीच लावू नये. तो विजेची लाट कापून देतो. तापणाऱ्या तारेला त्याने फरक पडत नाही, पण टीव्हीचा पॉवर सप्लाय उडू शकतो.

आता चित्र. भारत, आखात, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया इथे पाल पद्धत: 625 रेषा, सेकंदाला 25 चौकटी. अमेरिकेत एनटीएससी: 525 रेषा, जवळपास 30 चौकटी. आपल्या सेटवर ‘एनटीएससी’ लिहिलेलं असतं ते बहुधा मागच्या एव्ही जॅकपुरतं, म्हणजे वायरीने जोडलेल्या प्लेअरपुरतं. ॲन्टेनावरून चॅनेल पकडणाऱ्या ट्यूनरशी त्याचा संबंध नसतो. अमेरिकेत मुख्य वाहिन्यांचं जुनं ॲनालॉग प्रक्षेपण 12 जून 2009 लाच बंद झालं. आता तिथे एटीएससी हे वेगळं डिजिटल तंत्र आहे आणि इथल्या सेटमध्ये तो ट्यूनर नसतो. त्यामुळे असा सेट तिकडे एचडीएमआयवर पडदा म्हणून उत्तम चालतो, केबलचा बॉक्स जोडला की दिसतो; पण नुसता ॲन्टेना लावून चॅनेल लागणार नाहीत. विकणाऱ्याने हे आधी सांगायला हवं. आपला डीटीएच बॉक्स तिकडे चालेल असं कोणी म्हणालं तर सरळ उठून बाहेर पडा, त्या उपग्रहाचा सिग्नल अमेरिकेपर्यंत पोहोचतच नाही.

सगळ्यात जास्त फसतात ते रीजनला. डीव्हीडीच्या पाठीवर पृथ्वीच्या गोळ्याच्या चित्रात एक आकडा असतो. भारत 5, अमेरिका-कॅनडा 1, युरोप आणि आखात 2, ऑस्ट्रेलिया 4. हिंदी सिनेमांच्या पुष्कळ डिस्कवर रीजनचं बंधनच नसतं, व्हीसीडीला तर ते कधीच नव्हतं. म्हणून दुकानात हिंदी सिनेमा लावून दाखवल्याने काहीच सिद्ध होत नाही. खरी परीक्षा करायची तर अमेरिकेहून आलेल्या कोणाकडून रीजन 1 ची मूळ इंग्रजी डिस्क मागून न्या. बडोद्यात अशी डिस्क मिळायला फार घरं पालथी घालावी लागत नाहीत. ती लागली, तरच प्लेअर रीजन-फ्री. मग दुकानदारालाच फॅक्टरी रीसेट करायला लावा आणि तीच डिस्क पुन्हा घाला. रिमोटच्या लपलेल्या मेनूतून तात्पुरता बदललेला रीजन असेल तर तिथेच कळेल. सेटअपमध्ये टीव्ही टाइप पाल, एनटीएससी आणि ऑटो असे तिन्ही पर्याय आहेत का तेही पाहा. नुसता पाल असेल तर अमेरिकन टीव्हीवर चित्र काळंपांढरं होऊन वरखाली पळत राहतं.

ब्लू-रेचं गणित आणखी निराळं: अमेरिका ए, युरोप-आखात-ऑस्ट्रेलिया बी, भारत सी. ‘रीजन-फ्री ब्लू-रे’ म्हणून विकलेला प्लेअर कित्येकदा फक्त डीव्हीडीपुरता मोकळा असतो. डीव्हीडी आणि ब्लू-रे, दोन्ही डिस्क लावून पाहा.

मुंजीच्या, लग्नाच्या घरगुती डिस्कवर रीजन नसतो, पण त्या पालमध्ये असतात. त्यांच्यासाठी प्लेअर न्यायची गरजच नाही. लॅपटॉपवर एमपी4 करून दोन पेनड्राइव्हवर घ्या; तिकडचा टीव्ही त्या चालवेल. जुन्या डिस्कचा थर उडत जातो, त्यामुळे हे काम निघण्याच्या आदल्या रात्रीवर टाकू नका.

पैसे देण्याआधी बिलावर मॉडेल नंबर, सिरियल नंबर आणि ‘120 व्होल्टवर चालणारा, रीजन-फ्री’ हे शब्द लिहून घ्या. वॉरंटी भारताबाहेर लागू आहे का, हे कार्डावर वाचा; तोंडी ‘इंटरनॅशनल वॉरंटी’ला काही अर्थ नाही. तरीही फसवणूक झाली तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षं आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. तुम्ही परदेशात असाल तर बिलाची मूळ प्रत बडोद्यातल्या नातेवाइकाकडे ठेवून जा. दांडिया बाजारातल्या त्या कुटुंबाचं बिल न्यू जर्सीला गेलं होतं, आणि त्यावर दुकानाचा शिक्काही नव्हता.