सुट्टीपुरतं घरी शिकवायचं, की शाळाच सोडवायची?

निकाल हातात पडला की काही घरांत दरवर्षी तोच विषय निघतो. "हिला शाळेतून काढू या का? घरी जास्त शिकते." यंदा तुमच्याकडे निघाला असेल, तर जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत जेमतेम पाच-सहा आठवडे आहेत (विदर्भात उन्हामुळे थोडे जास्त). पर्याय दोन. एक, शाळा चालू ठेवायची आणि सुट्टीत घरी मनापासून शिकवायचं. दोन, जूनपासून घरशाळाच. दोन्ही प्रकारची घरं जवळून पाहिली आहेत, त्यामुळे कल आधीच सांगून टाकते: बहुतेकांना पहिला पर्याय पुरतो. दुसरा ज्यांना जमतो त्यांना उत्तम जमतो, पण त्यासाठी लागणारी गोष्ट मुलात शोधू नका, स्वतःच्या दिवसात शोधा.

कारण सगळं येऊन ठेपतं वेळेवर. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षात 200 दिवस आणि 800 तास शिकवणं ठरवलंय, सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1000 तास. म्हणजे दिवसाला चार-साडेचार तास. त्यात हजेरी, फळ्यावरचं उतरवून घेणं, मागच्या बाकावरची भांडणं, सगळं आलं. एकच मूल समोर असेल तर तेवढा भाग दीड-दोन तासांत होतो, असं घरशाळावाले सांगतात आणि ते खरं आहे. उरलेल्या दिवसाचं काय, हे मात्र कोणी फारसं सांगत नाही. त्या वेळात मुलाला कोणीतरी घरात लागतं, बोलायला लागतं, कुठेतरी न्यायला लागतं. दोघेही नोकरीवर आणि आजी-आजोबा गावी, अशा घरात हे गणित पहिल्याच महिन्यात बिघडतं.

सुट्टीतल्या शिकण्याला एवढा पसारा नाही. सकाळी ऊन चढायच्या आत तासभर बसलं तरी चालतं. त्या तासात काय करावं, याबद्दल मी थोडी हट्टी आहे: पुढच्या इयत्तेची पुस्तकं आणून धडे पुढे ढकलू नका. जूनमध्ये वर्गात तेच पुन्हा ऐकताना मूल जांभया देतं. रोज मोठ्याने दोन पानं वाचन, पाढे आणि हातचे-उसने, एवढं पुष्कळ झालं. वाचणाऱ्या मुलाचं वाचन सुट्टीत सहसा टिकतं, पण भागाकाराच्या पायऱ्या विसरल्या जातात. तिकडे लक्ष द्या.

बाकीचं शिकणं घरातच पडलेलं असतं. कुरडया करणार असाल तर मुलाला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. गहू तीन दिवस भिजतात, पाणी रोज बदलायचं. दुसऱ्या दिवशी वर बुडबुडे आणि आंबूस वास का येतो, हा प्रश्न मूल आपणहून विचारतं. मग गहू वाटून, गाळून चीक काढायचा आणि रात्रभर न हलवता ठेवायचा. सकाळी पातेल्यात वर निवळी, खाली घट्ट पांढरा थर. विज्ञानाच्या पुस्तकातलं 'निवळणे' आणि 'गाळणे' इथे एका पातेल्यात दिसतं. चीक वाटीने मोजून तेवढंच पाणी आधणाला ठेवायचं, हे प्रमाणाचं गणित झालं. किती गव्हाच्या किती कुरडया झाल्या, ओल्या असताना वजन किती आणि कडक वाळल्यावर किती, हे वहीत लिहायला लावा. आठवड्याभरात एक प्रयोग पुरा होतो आणि वर्षभर तळायला डबाही भरतो.

उन्हाळी शिबिरांबद्दल थोडक्यात. पोहणं, मातीकाम, गिर्यारोहण, म्हणजे जे घरी शिकवता येत नाही, त्यासाठी पैसे मोजावेत. 'व्यक्तिमत्त्व विकास' नावाच्या गोष्टीसाठी मी मोजणार नाही.

आता दुसरा पर्याय. पहिली शंका कायद्याची असते. शिक्षण हक्क कायदा, जो 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे, 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य मानतो, पण न घातल्यास पालकांना शिक्षा त्यात नाही. घरशाळेला स्पष्ट परवानगी नाही, स्पष्ट बंदीही नाही. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात कोणी दारात आलं, तर शांतपणे बोलायची तयारी ठेवावी. परतीची वाटही त्याच कायद्यात आहे: 14 वर्षांपर्यंतच्या शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. अर्थात तो तुमच्या जुन्या, आवडत्या खासगी शाळेतच मिळेल असं नाही.

खरी निवड पुढे परीक्षेपाशी येते, आणि ती आठवीच्या वयात नव्हे, आजच डोक्यात हवी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हा घरशाळावाल्यांचा नेहमीचा रस्ता. 14 वर्षं पूर्ण झाली की दहावीला नाव नोंदवता येतं. पाच विषय, परीक्षा वर्षातून दोनदा, नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात नऊ संधी. विषय एकेक करून सोडवता येतात, चित्रकला किंवा गृहविज्ञान घेता येतं, माध्यम मराठीही चालतं. नृत्य किंवा खेळात रोज चार तास घालवणाऱ्या मुलासाठी याहून सोयीचं काही नाही. कच्ची बाजू शिस्तीची: नऊ संधी आहेत म्हटल्यावर पहिली सहज वाया जाते.

आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसणं, हा दुसरा रस्ता. यात परीक्षा, प्रश्नपत्रिका, निकाल सगळं नियमित दहावीचंच असतं, त्यामुळे नातेवाइकांना समजावत बसावं लागत नाही (हा मुद्दा क्षुल्लक वाटतो, लग्नसमारंभात वाटत नाही). अट अशी की मूल किमान पाचवी झालेलं हवं आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला हवा. म्हणजे कधीच शाळेत न गेलेल्या मुलासाठी हा रस्ता अवघड. त्यांच्यासाठी महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ पाचवी आणि आठवीच्याही परीक्षा घेतं, अनुक्रमे 10 आणि 13 वर्षं पूर्ण झाल्यावर. केंब्रिजची आयजीसीएसई, म्हणजे दहावीच्या तोडीची आंतरराष्ट्रीय परीक्षा, खासगीरीत्या देता येते, पण तशी परवानगी देणारं केंद्र शोधायचं आणि विषयागणिक हजारोंनी फी भरायची. परदेशी जायचं पक्कं नसेल तर मी त्या वाटेला जाणार नाही.

कोणतीच बोर्डाची परीक्षा न देण्याचा विचार असेल, तर मुंबईच्या मालविका जोशीचं उदाहरण दोन्ही बाजूंनी वाचावं. सातवीच्या सुमारास शाळा सोडलेली ही मुलगी 2016 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत गेली, हे सगळे सांगतात. तिच्याकडे आंतरराष्ट्रीय इन्फर्मेटिक्स ऑलिम्पियाडची (शाळकरी वयाच्या मुलांची संगणक प्रोग्रॅमिंगची स्पर्धा) तीन पदकं होती आणि बारावी नसल्यामुळे आयआयटीचं दार बंद होतं, हे सांगायचं राहून जातं.

मित्रांचा प्रश्न मला वाटलं होतं तितका मोठा निघाला नाही. संध्याकाळी खाली खेळायला मुलं असलेल्या सोसायटीत तो सुटतो. बंगल्यात किंवा वाड्यावस्तीवर राहणाऱ्यांनी मात्र तो हलक्यात घेऊ नये.

निर्णय होत नसेल तर या सुट्टीतच चाचणी घ्या, फक्त ती स्वतःची घ्या. तीन आठवडे रोज ठरलेल्या वेळी मुलासोबत बसणं तुम्हाला जमलं का, आणि तिसऱ्या आठवड्यात तुमचा आवाज चढला का? दोन्हींची उत्तरं मनासारखी आली, तरी दाखला काढायला धावू नका. शाळेची फी आणि जागा यांबद्दल मुख्याध्यापकांशी बोलून घ्या. दाखला काढलाच तर मूळ प्रत जपून ठेवा, सतरा नंबरसाठी तीच लागते. आणि मुलाचा प्रवेश खासगी शाळेत शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के राखीव जागेवर झाला असेल तर दहादा विचार करा. ते प्रवेश पहिली किंवा त्याखालच्या सुरुवातीच्या वर्गातच होतात. चौथीत सोडलेली ती जागा पाचवीत परत मिळत नाही.