आठवड्याचे एकदम शिजवावे, की चिरून ठेवून रोज शिजवावे?

आई-वडील दोघेही नोकरी करणारे आणि मुले लहान असली, की स्वयंपाकाचा वेळ वाचवण्याचे दोन मार्ग हमखास सुचवले जातात. सुट्टीच्या दिवशी आठवड्याचे सगळे पदार्थ शिजवून डब्यांत भरून ठेवायचे आणि रोज नुसते गरम करायचे, हा एक. सुट्टीच्या दिवशी फक्त निवडणे, धुणे, चिरणे उरकून ठेवायचे आणि शिजवायचे मात्र रोज, हा दुसरा. आमच्याकडे पहिला मार्ग आठएक महिने चालला आणि दुसरा गेली दोन वर्षे चालू आहे. माझा कल कोणीकडे आहे हे लपून राहणार नाही, तरी पहिल्यावर अन्याय होऊ नये एवढी काळजी घेतो.

पहिल्या मार्गाचे सुख खरे आहे. दमून घरी आल्यावर ‘आज काय करायचे’ हा प्रश्नच उरत नाही आणि वीस मिनिटांत मुलांच्या पुढे ताटे येतात. परीक्षेच्या दिवसांत किंवा घरात कोणी आजारी असताना याची किंमत कळते. मात्र ‘आठवड्याचे’ हा शब्द जरा सैल वापरला जातो. शिजवलेले अन्न फ्रिजमध्ये, तेही तापमान 4 अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखाली असेल तर, तीन ते चार दिवस चांगले राहते. म्हणजे रविवारचे बुधवार-गुरुवारपर्यंत. पुढच्या दिवसांचे फ्रीझरमध्ये गेले पाहिजे आणि आदल्या रात्री आठवणीने खाली काढले पाहिजे. ही आठवण आमच्या घरात दोनांतून एकदा तरी हुकत असे. शिवाय शिजलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवे. मोठ्या पातेल्यातले लवकर निवत नाही, म्हणून ते पसरट भांड्यांत काढावे लागते. भाताच्या बाबतीत तर हयगय नकोच, कारण त्यातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भात त्यांना मानवतो. बटाटा घातलेले पदार्थ फ्रीझरमधून आले की पाणचट आणि रवाळ लागतात, याचा शोध मुलांनी आमच्या आधी लावला.

एवढे सगळे सांभाळून घेता आले असते. मला हरवले ते डब्यांनी.

या पद्धतीत स्वयंपाक एकदा होतो, पण घासणे दोनदा होते. रविवारी पातेली, कढया आणि झारे; मग रोज रात्री डबे, त्यांची झाकणे आणि त्या झाकणांच्या खाचांत बसवलेल्या रबरी रिंगा. प्लास्टिकला पाण्यापेक्षा तेलाशी अधिक सख्य असते. त्यामुळे स्टीलचे भांडे एका हातात निघते, तर प्लास्टिकचा डबा दोनदा साबण लावूनही बोटांना बुळबुळीत लागतो. टोमॅटोचा लाल रंग तेलात विरघळणारा असल्याने तो त्या तेलाबरोबर डब्यात कायमचा मुक्काम करतो. एका बुधवारी रात्री साडेदहाला मी एका झाकणाची रिंग चमच्याच्या दांड्याने सहज उचकटून पाहिली, तर खाली करड्या रंगाचा चिकट थर होता. तो डबा मी कितीतरी आठवडे ‘स्वच्छ’ धुऊन फळीवर पालथा घालत होतो. त्या रात्री सगळ्या रिंगा काढून, घासून, वाळवून परत बसवेपर्यंत बारा वाजले. त्यांतल्या तीन कोणत्या झाकणाच्या, हे शेवटपर्यंत कळले नाही. काचेचे डबे घेऊन पाहिले. तेलाचा आणि डागांचा प्रश्न सुटला, पण ते जड असतात, फ्रीझरमधून काढून थेट गरम करायला नेले तर तडकण्याची भीती असते, आणि झाकण शेवटी प्लास्टिकचेच, रिंगेसह.

दुसऱ्या मार्गात रोज शिजवावे लागते हे उघड आहे. माझ्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळची पस्तीस-चाळीस मिनिटे जातात. पण ती सगळी हातांची नसतात, हे मला फार उशिरा उमगले. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे पाणी 120 अंशांच्या आसपास उकळते, म्हणून पदार्थ झपाट्याने शिजतो. आणि तो शिजत असताना आपण मोकळेच असतो. त्या वेळात चिरण्याची फळी, सुरी, मोजमापाची भांडी विसळून होतात आणि ओटा पुसून होतो. स्टार्च चिकटलेले भांडे रिकामे होताच त्यात गार पाणी घालून ठेवले, की नंतर घासावे कमी लागते. जेवणे झाली की सिंकमध्ये कुकर, एक कढई आणि ताटे एवढेच उरते.

या मार्गाचीही दुखणी आहेत. चिरलेल्या कांद्याचा वास सगळ्या फ्रिजभर फिरतो. बटाटा चिरून ठेवला की काळा पडतो, म्हणून तो आयत्या वेळीच चिरावा. पालेभाजी धुतल्यावर कापडावर पुरती कोरडी केली नाही, तर दोन दिवसांत सडते. आणि घरी पोचायलाच नऊ वाजले, तर चिरलेल्या भाज्यांचा फारसा आधार वाटत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी एकट्यानेच सगळे पाहायचे आहे, परतायला रोज उशीर होतो आणि भांडी धुण्याचे यंत्र आहे, त्यांना पहिला मार्ग अधिक सोयीचा पडेल असे मला प्रामाणिकपणे वाटते. यंत्राने घासण्याचा बराच भार हलका होतो. रिंगा मात्र त्यानंतरही अधूनमधून काढून पाहाव्यात. जे सातच्या सुमारास घरी पोचतात आणि ज्यांच्याकडे एकाने शिजवावे, दुसऱ्याने त्याच वेळी आवरावे इतपत मनुष्यबळ आहे, त्यांनी निदान महिनाभर दुसरा मार्ग चालवून पाहावा.

पहिल्या मार्गातली एक गोष्ट आम्ही सोडलेली नाही. अडीअडचणीसाठी दोन वेळचे जेवण फ्रीझरमध्ये असते, पण ते स्टीलच्या पसरट डब्यांत. कांदा फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या बरणीत जातो. पूर्वीच्या चोवीस प्लास्टिकच्या डब्यांपैकी सात उरले आहेत. त्यांत चिरलेल्या कोरड्या भाज्या राहतात, आणि एकाच्याही झाकणाला रिंग नाही.