कुत्र्याचा ब्लोअर घरी वापरताना: एक पावसाळा आणि एक हिवाळा काढल्यावर

आमची बर्फी गोल्डन रिट्रीव्हर आहे, तीस किलोच्या घरातली. राहतो ठाण्यात, तिसऱ्या मजल्यावर. सोसायटीच्या गच्चीवर कुत्रा नेलेला चालत नाही, त्यामुळे अंघोळीनंतर वाळवायची जागा म्हणजे हॉल आणि वर पंखा. जून ते सप्टेंबर हे भागत नाही. वरून हात फिरवला की कोरडी लागते, पण कानामागे नाहीतर मांड्यांत बोटं खुपसली की आत गार ओल. मग कुबट वास, खाज, आणि चाटून चाटून लाल झालेला चिघळता चट्टा, ज्याला डॉक्टर हॉट स्पॉट म्हणतात. पार्लरला दर खेपेला दीड-दोन हजार जात होते. शेवटी पावसाळ्याच्या तोंडावर साताठ हजारांचा ब्लोअर घेतला.

इतके महिने वापरून माझं मत असं झालंय की वाळवण्यासाठी तो चांगलाच आहे, पण पैसे वसूल होतात ते सुटे केस काढण्यात.

माणसांचा हेअर ड्रायर गरम हवेने पाणी सुकवतो. हा हवेच्या जोरावर पाणी केसांवरून ढकलून देतो. मोटरमुळे हवा आपोआप कोमट होते, तेवढी पुरते. हीटरचं बटण मी डिसेंबर-जानेवारीतच लावलं, तेही हवा आधी मनगटावर घेऊन. टॉवेलने नीट टिपून घ्यायचं, कानांवर जुन्या टी-शर्टची बाही चढवायची, स्पीड कमी ठेवायचा आणि मागच्या पुठ्ठ्यापासून सुरुवात करून मानेकडे यायचं. तोंडावर हवा मारायची नाही, तिथे टॉवेलच. नळीचं तोंड जवळ नेलं की केस गोल दुभंगतात आणि मधे गुलाबी कातडी दिसते. तो गोल पुढे सरकवत न्यायचा. थेंब उडायचे थांबले आणि मुळाशी केस सुटे सुटे दिसायला लागले की तो भाग झाला.

हे कातडी दिसणं फार उपयोगाचं. कोरडी खपली, पुरळ, गोचीड, सगळं उघडं पडतं. ऑगस्टमध्ये काखेत मिरीएवढी गोचीड सापडली ती अशीच, नुसत्या कंगव्याने दिसली नसती. पण हवेने गोचीड निघत नाही. ती चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी लागते आणि महिन्याचं औषध चालूच ठेवावं लागतं. तपकिरी गोचीड एर्लिकिया आणि बेबेसिया हे रक्तातले जंतू पसरवते, त्यामुळे इथे हयगय नको.

आता केसांचं. अंघोळीच्या आधी कोरड्या अंगावरच एकदा ब्लोअर फिरवा. अंडरकोट, म्हणजे आतला मऊ दाट केसांचा थर, असा उडतो की बाथरूमच्या टाइल्सवर पिंजलेला कापूस पसरल्यासारखं दिसतं. पण मग न्हाणीची जाळी तुंबत नाही आणि शाम्पूही कातडीपर्यंत पोचतो. मास्क लावा, नाहीतर दिवसभर शिंकाल. त्याआधी गुंते मात्र हातानेच सोडवायचे: कानामागे, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या बुडाशी. गुंत्यावर पाणी पडलं की तो आवळतो आणि मग कात्रीशिवाय उपाय उरत नाही. मी स्लिकर ब्रश (बारीक तारांचा), मग अंडरकोट रेक (लांब दातांची फणी) आणि शेवटी स्टीलचा कंगवा फिरवते. कंगवा कातडीपासून टोकापर्यंत न अडकता गेला तरच पाणी.

उन्हाळा आला की बिल्डिंगमधलं कुणी ना कुणी विचारतंच, "एवढी धापा टाकतेय, चकोट का करत नाही तिला?" डबल कोटचा, म्हणजे अशा दोन थरांच्या अंगाचा, वरचा केस उन्हापासून वाचवतो, आणि मशीनने खालपर्यंत काढला तर कधी कधी ठिगळ लावल्यासारखा वेडावाकडा परत येतो. साचलेला अंडरकोट काढला की हवा आत खेळते, तेवढं पुरे.

तक्रारी आहेतच. आवाज पहिला. शेजारच्या काकूंनी विचारलं, "घरघंटी घेतलीत का हो?" रात्री आठनंतर मी चालवत नाही. बर्फीलाही सवय लावावी लागली: आधी यंत्र दुसऱ्या खोलीत चालू, इकडे उकडलेल्या चिकनचे तुकडे, मग हळूहळू जवळ. घाई केली तर कुत्रा अंघोळीलाच बिथरेल.

दुसरं, वीज. माझा २२०० वॉटचा आहे. २३० व्होल्टला तो साडेनऊ अँपियर ओढतो आणि घरातलं साधं सॉकेट ६ अँपियरचं असतं. गीझरसारखा १६ अँपियरचा जाड पिनांचा पॉइंटच हवा. साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर चालवू नका. यंत्र बाथरूमबाहेर कोरड्या जागी, फक्त नळी आत.

तिसरं, दिवाळीच्या सुमारास नळी जोडाजवळ फाटली. कंपनीला फोटो पाठवले, तर नळी वॉरंटीत बसत नाही असं उत्तर आलं, तेही तिसऱ्या ईमेलनंतर. हार्डवेअरच्या दुकानातून क्लिप आणून आवळली, अजून टिकून आहे. मागचा फोमचा फिल्टर मात्र धूत जा. त्यात केस बसले की हवेचा जोर उतरतो आणि मोटर तापते.

शिह त्झूसारख्या लांब, सतत वाढणाऱ्या केसांसाठी मी हा सुचवणार नाही. ताईच्या कुत्र्यावर करून पाहिलं, तर जोराच्या हवेने केसांची टोकं एकमेकांत वळून नव्या गाठी झाल्या. तिथे कमी हवा आणि सोबत ब्रशच बरा. गावठी कुत्र्याच्या आखूड केसांना तर टॉवेल आणि रबरी ब्रश पुरतो.

लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड असेल तर जरूर घ्या. दोन मोटरचा नको, घरातल्या वायरिंगला तो झेपेलच असं नाही. स्पीडची गोल खुंटी हळूहळू वाढणारी हवी, नुसतं कमी-जास्त बटण नको. आणि नळी सुटी विकत मिळते का, हे पैसे भरण्याआधी विचारा.