इंदूरमध्ये बाइकचं मोठं काम: घरी, मिस्त्रीकडे की कंपनीच्या सर्व्हिसला?

गाडी 25–30 हजार किलोमीटर चालली की मोठी कामं एकामागून एक निघतात. टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या टोकाचे स्क्रू) वाजतात, चेन सैल पडते, क्लच घसरतो, पुढच्या शॉकअपमधून ऑईल गळतं. सगळं एकाच ठिकाणी देऊन मोकळं व्हावंसं वाटतं, पण प्रत्येक कामाला वेगळं ठिकाण असू द्या. मोजून होणारं काम घरी उत्तम होतं. दाबून बसवायचं आणि ठोकून काढायचं काम मुरलेल्या मिस्त्रीचं, आणि स्कॅनर (गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समधला दोष वाचणारं यंत्र) लागतो ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं. खालचा हिशेब 100 ते 160 सीसीच्या, एका सिलिंडरच्या, हवेवर थंड होणाऱ्या गाड्यांचा आहे. गाडी वॉरंटीत असेल तर इंजिनला घरी हात लावू नका.

टॅपेट: इथे घरच जिंकतं

टॅपेटची फट थंड इंजिनवर मोजायची असते. कित्येक मॅन्युअलमध्ये इंजिन 35 अंशांखाली हवं असं स्पष्ट लिहिलेलं असतं. मे महिन्यात इंदूरची दुपार चाळिशीला टेकते, त्यात गाडी चालवत मिस्त्रीकडे नेली की इंजिन हात लावू न देण्याइतकं तापतं. अशा वेळी फट थंड इंजिनवर होती त्यापेक्षा वेगळी भरते आणि तिथेच चूक होते. घरी गाडी रात्रभर उभी असते. पहाटे सहाला काम काढलं की तापमानाची चिंताच नाही.

वरची टॅपेटची झाकणं आणि क्रँकच्या (पिस्टनला जोडलेल्या फिरत्या दांड्याच्या) बाजूची दोन झाकणं उघडा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या दिशेने क्रँक फिरवून ‘टी’ची खूण (पिस्टन सगळ्यात वर आल्याची) जुळवा. आता दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलले पाहिजेत. हलत नसतील तर पिस्टन चुकीच्या फेरीत वर आलेला आहे, अजून एक पूर्ण फेरा द्या. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांत फट 0.05 ते 0.10 मिमीच्या आसपास असते, पण नेमका आकडा आपल्या मॉडेलचाच घ्या. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) फटीत हलकं अडखळत सरकलं पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. ही दुसरी मोजणी टाळली की काम बिघडलंच म्हणून समजा.

अंदाजाने, हाताला लागेल तसं टॅपेट बसवून देणारे पुष्कळ आहेत. आवाज पूर्ण बंद झाला की गिऱ्हाईक खूश होतं, पण फार आवळलेल्या टॅपेटमुळे व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळू लागतो. थोडी टिकटिक परवडते.

चेन-स्प्रॉकेट: घरी, एक अट सोडून

माळव्याची काळी माती पावसाळ्यात चेनवर बसते आणि ग्रीसमध्ये मिसळून घासणारा लगदा होते. म्हणून नुसत्या किलोमीटरवर जाऊ नका, चेन मोजा. 428 नंबरच्या चेनचा पिच (एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर) 12.7 मिमी असतो. चेन ताणून पहिल्या पिनच्या मध्यापासून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत अंतर घ्या. नव्या चेनमध्ये ते 254 मिमी भरतं, 259 च्या वर गेलं की चेन संपली. बदलायची तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र, कारण झिजलेले दात नवी चेन लवकर खातात.

पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट जुनी चेन गाडीवर असतानाच, कुणालातरी मागचा ब्रेक दाबायला सांगून सैल करा. चेन निघाल्यावर स्प्रॉकेट नुसतं फिरत राहतं आणि मग लोक त्यात पेचकस अडकवून दात मोडतात. चाक बाहेर आहे तोवर हबमधले डॅम्पर रबर बघा. लॉकपट्टीचं (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीवरच्या क्लिपचं) बंद तोंड चेन धावते त्या दिशेला हवं. ढिलाई बहुतेक गाड्यांत 20 ते 30 मिमी ठेवतात, आणि ती चाक फिरवून चेन जिथे सगळ्यात ताठ आहे तिथे मोजायची. जास्त ताठ चेन शाफ्टचं बेअरिंग आणि ऑईल सील खाते. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा ताण बघा.

अट ही, की चेन लॉकपट्टीची हवी. रिव्हेट करून जोडायची असेल तर ते काम मिस्त्रीकडेच.

क्लच प्लेट: आधी घरी तपासणी, मग निर्णय

क्लच घसरतो म्हणून लगेच प्लेट बदलू नका. लिव्हरच्या टोकाला 10 ते 20 मिमी मोकळी हालचाल आहे का बघा, मग इंजिन ऑईल बघा. कारचं ऑईल किंवा जासो एमए (ऑईलमध्ये बुडालेल्या क्लचच्या बाइकसाठीचा) दर्जा नसलेलं ऑईल टाकलं तर चांगला क्लचही घसरतो.

प्लेट खरंच संपल्या असतील तर उजवं कव्हर उघडावं लागतं. काही मॉडेलमध्ये स्प्रिंगचे बोल्ट काढले की प्लेट हातात येतात. ते घरी जमतं. काहींत मधला खाचांचा नट काढावा लागतो आणि त्याला खास पाना लागतो. तो नसेल तर छिन्नी-हातोडा चालवून खाचा मारू नका. मिस्त्री निवडतानाही हा पाना त्याच्याकडे आहे का, हे आधी विचारा.

कव्हरचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू आपल्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर आतले आटे जातात किंवा केसिंगला चीर पडते. कव्हरखालचं जुनं पॅकिंग (गॅस्केट) पेचकसाने खरवडलं की ॲल्युमिनियमवर ओरखडा उमटतो आणि तिथूनच पुढे ऑईल झिरपतं. नव्या प्लेट दोनेक तास इंजिन ऑईलमध्ये बुडवून ठेवा. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा.

निघालेलं ऑईल डब्यात भरून, जुनं ऑईल साठवून विकणाऱ्या मिस्त्रीला द्या. गटारात ओतलेलं ऑईल कान्ह नदीत जातं आणि तिथून उज्जैनला क्षिप्रेत.

शॉकअप, कोनसेट, ब्रेक

शॉकअपचे सील सरळ बसवायला योग्य मापाची नळी लागते, आणि खालचा ॲलन बोल्ट बहुधा जागेवर नुसता फिरतो. मधला मार्ग चांगला आहे: इंजिनखाली भक्कम आधार देऊन शॉकअपचे दोन्ही पाय (पुढच्या चाकाच्या दोन बाजूंच्या नळ्या) घरी काढा, मिस्त्रीकडे फक्त सील बसवून घ्या. ऑईल मात्र मोजपात्राने, मॅन्युअलमधल्या मिलिलिटरप्रमाणे, आपल्या डोळ्यांसमोर भरून घ्या. दोन पायांत कमी-जास्त झालं की गाडीची चाल बिघडते. कोनसेटच्या (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या) वाट्या फ्रेममध्ये तिरक्या बसल्या तर हँडल अडखळतं, ते घरी करूच नका.

डिस्क पॅड घरी बदलता येतात. ब्रेक ऑईल झाकणावर लिहिलेल्याच दर्जाचं घ्या, साधारण दोन वर्षांनी बदला, आणि रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) लाइन उघडून आत हवा गेली असेल तर कंपनीत जा.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर कधी

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 (धुराच्या प्रदूषणाचा सरकारी निकष) लागू झालं आणि छोट्या गाड्यांतही बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन आलं. इंजिनचा दिवा पेटला, सेन्सर किंवा थ्रॉटल बॉडीचा दोष वाटला, की स्कॅनरशिवाय भाग बदलत बसणं म्हणजे पैसे वाया. इथे कंपनीच बरी. जॉब कार्ड जपून ठेवा, गाडी विकताना उपयोगी पडतं. फक्त कार्डवर तुम्ही न सांगितलेली कामं लिहिली आहेत का, हे सही करण्याआधी वाचा.

घरचं काम सुरू करायचं तर इंदूरच्या सियागंज बाजारात एक फेरी मारा: गोटी (सॉकेट) सेट, फिलर गेज, व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) आणि टॉर्क रिंच (ठरलेल्या जोराला ‘टक’ करणारा पाना). पैसे कमी पडले तर गोटी सेट लहान घ्या, टॉर्क रिंच सोडू नका. घरी सगळ्यात जास्त नुकसान ऑईलच्या ड्रेन बोल्टवर होतं. केसिंग ॲल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडी, आणि ‘अजून थोडं’ म्हणत आवळलं की आटे जातात. वॉशर दर वेळी नवा टाका आणि रिंचने ‘टक’ केलं की हात थांबवा.