धाक की अतिकाळजी?

आमच्या रावेरकडे दोन तऱ्हेची घरं दिसतात. एकात बापाची मोटारसायकल दारात थांबली की पोरगं घाईनं पुस्तक उघडतं. दुसऱ्यात बारावीतला मुलगा जळगावच्या एसटीत एकटा बसत नाही. फॉर्म भरणं, सरांशी बोलणं, सगळं आईच करते.

पोरं चिंतातुर कशानं होतात, असं विचारलं की बोट नेहमी पहिल्या घराकडे जातं. टोमण्यांनी पोरं धास्तावतात, हे खरंच. पण २००७ मध्ये मॅक्लिऑड, वुड आणि वाइझ या संशोधकांनी ४७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मुलांच्या चिंतेशी झिडकारण्यापेक्षा नियंत्रणाचं नातं घट्ट निघालं. आणि नियंत्रण तर मायेच्या घरातही असतं! प्रत्येक अडचणीत आई पुढे धावली, की मूल शिकतं: हे मला जमणारं नाही.

आईबापांना फाशी देऊ नका मात्र. त्याच हिशेबात मुलामुलांच्या चिंतेत जो कमीजास्त फरक दिसतो, त्यात पालकत्वाचा एकूण वाटा जेमतेम ४ टक्के होता. शिवाय मूल मुळातच घाबरट असेल, तर आई जास्तच जपते. आधी काय, हे सांगणं अवघड.

मला विचाराल तर दुसरं घर सुधारायला सोपं. माया तिथे आहेच, फक्त एसटीचं तिकीट पोराला काढू द्यायचंय.